होडी अजून यायची आहे

शैलजाबाई चुरी यांची आणि माझी पहिली भेट वाणगाव स्थानकावर झाली. मी रेल्वेत, फलाटावरचे कर्णे दुरुस्त करणारा. शिडीवर चढलो होतो. खालून आवाज आला, "अहो, गाडी निघून गेल्यावर फलाटावर जे ऐकू येत राहतं, ते पकडता येईल का?" तक्रारी ऐकायची सवय असलेला मी गोंधळून खाली उतरलो. बाई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत भेंडी आणि भेंडीवर अलगद ठेवलेला छोटा रेकॉर्डर. मग आम्ही दोघं बाकावर बसलो आणि गाडी जाऊन काहीच न उरण्याची वाट पाहत राहिलो. त्या बाकावरून मी अजून उठलेलो नाही, असं माझ्या घरी म्हणतात.

त्याच बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त हे चार शब्द लिहायचं भाग्य मला लाभलं आहे. 'उजेडानंतर' ही त्यांची श्राव्य मालिका आमच्याकडे घरोघरी मोबाइलवर ऐकली जाते. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका संध्याकाळी डहाणूच्या खाडीवर परग्रहावरून एक उजेड उतरतो, थोडा वेळ पाण्यावर थांबतो आणि निघून जातो. त्याच्याबरोबर धाकटी डहाणूच्या दामूची होडीही दामूसकट नाहीशी होते. पुढे शास्त्रज्ञ धावत येत नाहीत, मंत्र्यांच्या बैठका होत नाहीत. बाईंना त्यात रस नाही. वाणगावच्या बाजारात एक दिवस भाजीला वजनच राहत नाही, काटा हलत नाही, तरी घासाघीस चालूच राहते. वरोरला भरतीचं पाणी गोडं होऊन येतं, तेव्हा बायका नवल करण्याआधी कपडे धुऊन घेतात. तलासरीजवळच्या एका पाड्यावर सगळ्यांना एकच स्वप्न पडतं आणि ज्याला लवकर जाग येते तो उरलेलं स्वप्न शेजाऱ्याला विचारायला जातो. ऐकता ऐकता डोळे मिटतात आणि आपण आपल्याच गावात जरा अधांतरी फिरू लागतो.

ध्वनीची बाजू माझी. पहिल्या भागात मी त्या उजेडाला एक गूढ आवाज दिला होता. एक घरघर पकडून ती ताणली, खालच्या पट्टीत नेली, वर थोडा घुमारा चढवला. मोठ्या दिमाखात तो भाग धाकटी डहाणूच्या बंदरावर ऐकवला. उजेड उतरला आणि मासे निवडणाऱ्या बायका खो खो हसत सुटल्या. "अगो, हा तर आपला बर्फाचा कारखाना! पावने बर्फ न्यायला आले वाटतं!" माझं तोंड एवढंसं झालं. बाई मात्र त्यांच्याबरोबर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि परतताना म्हणाल्या, "पाहुण्यांना आवाजच नको. ते आले की आपण फक्त गप्प होऊ." तेव्हापासून मालिकेत पाहुणे येतात तेव्हा त्या त्या जागेची शांतता वाजते. खाडीची वेगळी, चिकूच्या वाडीतली वेगळी. ती जमवायला बाई मला उन्हातान्हात कुठे कुठे घेऊन हिंडल्या, ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

बाई कलाकार शोधत नाहीत, माणसं शोधतात. तलासरीकडचे देवजीभाऊ मजुरीला जातात. मालिकेत स्वप्न पाहणारे म्हातारबाबा ते करतात. एकदा आवणीच्या दिवसांत त्यांनी निरोप धाडला, "बाई, भात लावून झाल्याबिगर मी नाय येत." मी वैतागलो. बाईंनी पदर खोचला आणि मला घेऊन थेट त्यांच्या शेतावर गेल्या. दुपारपर्यंत चिखलात वाकून रोपं लावली, मग बांधावर बसून ध्वनिमुद्रण केलं. देवजीभाऊंचा थकलेला श्वास त्या भागात आहे, बाईंचाही आहे. कामाच्या माणसाला कामावरून उठवायचं नाही, हा त्यांचा नेम त्यांनी कधी मोडला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी लेखणी उचलली, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी बाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली. आपण परत आलो नाही तर मालिका लटकत राहील, ही एकच काळजी त्यांना लागली. त्यांनी शेवटचा भाग लिहून टाकला. दामूची बायको खाडीकाठी उभी राहते आणि म्हणते, "तो गेला. आता वाट बघायची नाही." ही बायको पहिल्यापासून काशीबाई करतात. त्या धाकटी डहाणूला मासळी विकतात. चिकूच्या गोदामात, गोणपाटं टांगलेल्या आमच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्या उभ्या राहिल्या. मी खूण केली. त्या बोलेनात. बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाल्या, "बाई, ह्ये मी नाय बोलनार. माझा भाऊ बाहेर हाय. दर्यावरून जो आला नाय, त्याला आमच्या घरात कोन 'गेला' बोलत नाय. बाहेर हाय, असंच बोलतात."

इतकी वर्षं आम्ही एकत्र काम करत होतो आणि त्यांच्या भावाबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बाई समजावतील, दुसरं कुणी बघतील. ऑपरेशन तोंडावर आलं होतं. बाईंनी तो कागद घडी करून पिशवीत टाकला, काशीबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "बरं. मग मलाच परत यायला हवं."

काशीबाईंचं ते न बोलणं यंत्रात उतरलं होतं. बाईंच्या सांगण्यावरून तो भाग तेवढ्यावरच सोडला, शेवटी नुसती त्यांची शांतता. ती शांतता ऐकून लोकांचे फोन आले, पाहुणे पुन्हा आले का, होडी दिसली का? इस्पितळात बाईंना आत नेताना काशीबाई मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून उभ्या होत्या. "होडी बाहेर हाय, बाई. लक्षात ठेवा." मला तेव्हा रडू आवरलं नाही, आणि ते इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

बाई परत आल्या. तेव्हापासून दर वर्षी एक नवा भाग येतो. कधी दूरवर शीड दिसतं, कधी दामूचं गाणं पाण्यावरून ऐकू येतं, होडी मात्र काठाला लागत नाही. मला घाई झाली की बाई हसतात, त्यांना मुळीच नाही.

या गौरवग्रंथासाठी बाईंना काय शुभेच्छा लिहू, असं मी काशीबाईंना विचारलं. मासळीवर पाणी शिंपडता शिंपडता त्या म्हणाल्या, "लिवा, तब्येतीला जपा. आनि होडीला सावकास येऊ द्या, बाई. आमाला घाई नाय."