डुलकीआबांची पसंती

आबांनी आयुष्यात एकाही गाडीला चांगलं म्हटलं नाही. गाडी मनात भरली तर ते मागच्या सीटवर झोपी जात. मळवलीपासून कुरवंड्यापर्यंत कुणी जुनी गाडी बघायला गेला की घरची माणसं फोन करून आधी एवढंच विचारत, "आबा झोपले का?" झोपले असतील तर पेढे आणायचे, नाहीतर पुढची गाडी शोधायची. गावानं त्यांचं नाव डुलकीआबा ठेवलं होतं आणि आबांनाही ते ठाऊक होतं.

लोणावळ्याच्या एका गॅरेजात त्यांची उभी हयात गेली. तिथून सुटल्यावर हात रिकामे झाले, नाकाला मात्र सुट्टी मिळाली नाही. गाडीचं दार उघडलं की आबा आधी पायाखालची मॅट उचलत आणि वाकून वास घेत. आमच्याकडच्या पावसात चार महिने उभी राहिलेली गाडी खालून कुजते, हे खरंच. पण पायजमा सावरत गाडीत नाक खुपसलेला म्हातारा बघून रस्त्यावरची माणसं थांबत आणि विकणारा घामाघूम होई. आत अत्तर मारलेलं असलं तर संशय दुप्पट. "झाकायचं काय न्हाई तर सुवास कशाला मारलाय?" असं ते विकणाऱ्यालाच विचारत.

दहाला येतो म्हणून सांगायचं आणि साडेसातलाच दारात उभं राहायचं, ही त्यांची दुसरी खोड. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवत. ते गरम लागलं तर चहासुद्धा न घेता माघारी. "गरम इंजिन लय गोड बोलतंय. थंड असताना काय बोलतंय ते ऐकायचं," हे त्यांचं म्हणणं. एकदा एक विकणारा दात घासत बाहेर आला, तर त्याला चूळ भरायलाही वेळ न देता आबांनी चावी मागितली.

शेवटची परीक्षा कुरवंड्याच्या चढावर. तिथं रिकामी गाडी न्यायला आबांची बंदी. ज्यांच्यासाठी घ्यायची ते सगळं घर आत बसलं पाहिजे. चढाच्या मध्यावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा आणि पुन्हा उचलायची. क्लच गेलेला असेल तर तिथंच जळका वास सुटतो. आमच्या शेजाऱ्यांच्या वेळी वजन कमी वाटलं म्हणून त्यांनी तांदळाची दोन पोती चढवली होती. पोती मांडीवर घेऊन बसलेल्या शेजारीणबाई आजही त्या दिवसाबद्दल चांगलं बोलत नाहीत.

मला गाडी हवी होती आईसाठी. तिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, तळेगावला. रिक्षावाला आला नाही की एक खेप चुकायची आणि तिचे पाय सुजायचे. आबांनी लागोपाठ चार गाड्या नापास केल्या. माझा धीर सुटला. वराळ्याला एका विक्रेत्याकडे पांढरीशुभ्र गाडी पाहिली आणि आबांना न सांगता रविवारी आईला घेऊन तिकडे गेलो.

तर तिथल्या पायरीवर आबा बशीतून चहा पीत बसलेले. "जय भीम, वहिनी," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. फोन आईनंच केला होता.

त्या दिवशी त्यांनी वास घेतला नाही. आईशेजारी मागे बसले, तिचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची तपकिरी रेघ होती. पुरात बुडालेली गाडी धुऊन पुसून नवी करता येते, पण पट्टा तळापर्यंत ओढून धुवायचं कुणाला सुचत नाही.

"वहिनी, उतरा," आबा म्हणाले. "ही तुमच्याआदी नदीत न्हाऊन आलीया."

मला लाज वाटली. वाटेत कुठंही बंद पडेल अशा गाडीत मी आईला बसवायला निघालो होतो.

पंधरा दिवसांनी मळवलीच्या एका बंगल्याच्या राखणदाराची गाडी बघितली. रंग उडालेला, डाव्या दाराला पोचे. कुरवंड्याच्या चढावर थांबवून उचलली आणि आरशात पाहिलं. काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून आबा घोरत होते. आई हळूच म्हणाली, "घे."

चार वर्षांत त्या गाडीनं आईची एकही खेप चुकवली नाही.

मागच्या हिवाळ्यात आबांची छाती भरली. त्याच गाडीतून, त्याच रस्त्यानं त्यांना तळेगावला नेलं. शेजारी आई होती. कामशेत गेलं, वडगाव गेलं, तरी आबा टक्क जागे. मला गाडीचीच काळजी वाटू लागली.

"आबा, काय वाजतंय का?"

त्यांनी कान देऊन जरा ऐकल्यासारखं केलं. "गाडीत कायबी न्हाई, पोरा. वाजतोय तो मी."

आई हसली आणि मग तिनं तोंडाला पदर लावला. आबा त्या दवाखान्यातून परत आले नाहीत.

आता लोक मला बोलावतात. मी साडेसातला जातो, बॉनेटवर हात ठेवतो, मॅटचा वास घेतो, पट्टा शेवटपर्यंत ओढतो. मग सगळं घर बसवून कुरवंड्याच्या चढावर मागच्या सीटवर डोळे मिटून पडतो. आबांची आठवण येते. झोप काही येत नाही, आणि मावळात माझ्या हातून अजून एकही गाडी पास झालेली नाही.