प्रेस शॉपमधली पाचर

कामगार युनियनच्या एका अध्यक्षाचा जबाब आठवला की मी आजही सुन्न होतो. तेव्हा मी नगरजवळच्या औद्योगिक वसाहतीच्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनखाली राहुरीकडच्या एका कामगाराची चार बोटं गेली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ही प्रेस खाली येत नाही. तरी हात आत सापडला.

"मशीन आपोआप पडलं, दुरुस्ती केली नाही," अशी फिर्याद युनियनने सुपरवायझरवर दिली. युनियन लहान, पण वजनदार. अध्यक्षांची स्वतःची दोन बोटं पूर्वी अशाच प्रेसवर तुटली होती, तीही मशीनच्या दोषाने, असं ते सांगत. त्याच रागातून गेटवर बसून त्यांनी युनियन उभी केली होती.

सुपरवायझर शिक्षकाच्या घरातला, भिडस्त माणूस. तो सांगत होता, "कामगार एका बटणात पाचर ठोकतात, म्हणजे ते दाबलेलंच राहतं." पण पाचर सापडली नाही आणि एकही कामगार त्याच्या बाजूने बोलेना. मी त्याला थापाड्या ठरवलं. त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं; दुसऱ्या दिवशी अटक दाखवायची होती.

तेवढ्यात काष्टीहून त्याच कारखान्यातल्या एका निवृत्त कामगाराचा फोन आला. "सायेब, त्यो मानूस खोटं बोलत न्हाई. डाव्या बटनाच्या कडंचा रंग बघा."

गेलो. प्रत्येक प्रेसवर डाव्या बटणाच्या कडेचा रंग खरवडलेला. पंचनामा मीच केला होता आणि मला हे दिसलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली.

अध्यक्षांना ठाण्यात बोलावलं. आधी चहा दिला. गरम कप हातात असला की माणूस चटकन उठून जात नाही, हा माझा अनुभव.

"डाव्या बटणात काय घालता?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग खिशातून सागाची पाचर काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"एक हात मोकळा ऱ्हातो, काम लवकर उरकतं. टार्गेट झालं की सुट्टी, आसं आमीच मालकाकडनं कबूल करून घेतलंय. पाचरा मीच तासून देतो. त्या गड्याला उचलून नेलं, तवा मी ही आन् बाकीच्या मशीनवरच्या समद्या काढून घेतल्या."

"निर्दोष माणूस तुरुंगात गेला असता."

"पाचर घावली आसती तर युनियन मोडली आसती, सायेब."

"आणि तुमची बोटं?"

ते खाली बघत म्हणाले, "तवा बी पाचरच हुती."

मला धक्का बसला. ज्या अपघातावर युनियन उभी राहिली, तोच खोटा सांगितलेला. आणि स्वतःची बोटं गमावलेला माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांना पाचरा तासून देत होता.

मालक खोटं बोलेल म्हणून मी नेहमी सावध असायचो. तुटक्या हातापुढे मात्र माझे प्रश्न संपायचे. ज्याची दया येते त्यालाही उलट प्रश्न विचारायचे, हे मी तेव्हा शिकलो.

बाहेर येऊन सुपरवायझरला म्हणालो, "घरी जा." तो बाकावरून उठला नाही.

"साहेब, पहिल्या दिवशी मी हेच सांगत होतो ना?"