हौसरावआप्पांची रिकामी डबी

मी कणीक मळत होते, एक डोळा दुधावर. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि मी दचकलेच. ही वेळ गावातल्या हौसरावआप्पांची, आणि आप्पा कधी दार वाजवत नाहीत. फाटकातूनच त्यांची हाक यायची, "सूनबाई, फुलं!" आणि शेवंतीची पुडी कट्ट्यावर ठेवून ते पुढे जायचे.

दार उघडलं तर आप्पा चौकट धरून उभे. तोंडाला रंग नाही, कपाळावर घाम. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. जरा वेळानं म्हणाले, "हाक मारायला दम पुरंना."

पुडी सोडली. फुलं पांढरी, त्यांच्या परसातली. आमच्या वडगाव रासाईच्या नदीकाठी, चढाखाली त्यांचा शेताचा तुकडा आहे, तिथं पिवळी शेवंती असते. दिवाळीपासून पिवळं फूल एकदाही आलं नव्हतं. हे मला आधी दिसलं होतं, कळलं मात्र आज.

आणखीही एक दिसलं होतं. माझ्या खिडकीतून मारुतीच्या पारापर्यंतची वाट दिसते. आप्पा विजेच्या डीपीपाशी थांबून चुन्याची डबी काढत, पुन्हा पारापाशी थांबून काढत. बघणाऱ्याला वाटावं, तंबाखू मळतायत. तंबाखू सोडून तर त्यांना चार वर्षं झाली.

त्याच दिवशी गाडी करून त्यांना आणि त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, घेऊन मी शिरूर गाठलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, मग गळ्यापाशी नेला, आणि लगेच हृदयाचा टूडी इको काढायला सांगितलं.

"हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप आहे ही," पडद्यावर बोट ठेवत ते म्हणाले. "कॅल्शियम साठून कडक झालीय. तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडायला हवी, ती पाऊणसुद्धा उघडत नाही."

"कॅल्शियम म्हंजी चुनाच की," आप्पा म्हणाले. "मी सोडला, त्यो मला सोडंना व्हय!"

डॉक्टर हसले, पण लगेच विचारलं, "दम लागतो? चक्कर?"

"न्हाई. आज जरा घाईत आलो, येवढंच."

"आजोबा, नीट सांगा. त्रास नसेल तर काही तपासण्या करून, लक्ष ठेवून थांबताही येतं. त्रास असेल तर थांबायचं नसतं."

सरूबाई फणकारल्या, "मागल्या साली नदीचा चढ दिवसातनं दोनदा चढायचा ह्यो माणूस. आता विचारलं की म्हनतो, शेत पुतण्या बघतोय की!"

मग मीच म्हणाले, "आप्पा, ती डबी दाखवा बघू."

त्यांनी खिशातून काढली. आत काही नव्हतं. त्यांनी झाकण दोनदा लावलं, उघडलं.

"दसऱ्याला पाण्याच्या मोटारीपाशी पडलो," ते हळू आवाजात म्हणाले, "ते पाय घसरून न्हाई. डोळ्यांम्होरं अंधारलं व्हतं. सांगितलं असतं तर मला कुनी खाली जाऊ दिलं नसतं."

"आन् आता कुठं जाताय?" सरूबाईंचा आवाज फुटला.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. गोळ्यांनी झडप उघडत नाही, बदलावीच लागते. एक तर छाती उघडून, नाहीतर मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीनं. आप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे बहुतेक नळीनंच. पण पुण्यात सीटी स्कॅन झाल्यावर तिथले हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. सोमवारची वेळ मिळाली. तोवर चढ नाही, ओझं नाही.

येताना सरूबाई मागच्या सीटवर पेंगल्या. आप्पा काचेला डोकं टेकून बाहेरची शेतं बघत होते. मध्येच बोलले, जणू स्वतःशीच, "पहाटं दवात शेवंती तोडली की बोटं पिवळी व्हत्यात. दोन दिस जात न्हाई त्यो रंग." आणि आपली बोटं उलटीसुलटी करून पाहिली.

गावचा फाटा आला तसे ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई, सोमवारच्या आधी मला एकदा गाडीनं चढाच्या तोंडाशी न्या. खाली उतरत न्हाई. गाडीतनंच बघतो."