मोरेश्वररावांची वाचणारी लेक

मोरेश्वररावांना यंत्रांचं भारी कौतुक. अमेरिकेत, चँडलरला कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. गाडीत रस्ता सांगणारं यंत्र, इमेलमधल्या चुका सुधारायला कॉम्प्युटर. त्यांच्यावाचून या गृहस्थाचं पान हलत नसे. पण २००६ साली शाळेनं त्यांच्या लेकीला, कादंबरीला, पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारा लॅपटॉप दिला, तेव्हा जणू घरावर दरोडा पडला.

कादंबरी पाचवीतली, हुशार. तिला डिस्लेक्सिया होता, अक्षरं काही केल्या लागत नसत. लॅपटॉप आला आणि हेडफोन लावून पोरगी धडेच्या धडे ऐकायला लागली. मी शेजारीण. ज्वालामुखी सांगून सांगून तिनं माझं डोकं खाल्लं, आणि मला इतका आनंद झाला! बापाला मात्र लाज.

"हे चीटिंग आहे यार," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "मराठी मंडळात कळलं तर?"

मंडळ! त्याच मंडळाच्या गणपतीत कादंबरीचं मराठी भाषण ठेवलं. इथली मुलं भाषण आईच्या तोंडून ऐकूनच पाठ करतात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला कागद हातात असतो तो नुसता शोभेला. तिच्या आईनं, नीलांबरीनंही लेकीकडून तसंच, गाडीतून शाळेत नेता-आणता घोकून घेतलं. कादंबरी कागद धरून खणखणीत बोलली. टाळ्या पडल्या.

मोरेश्वररावांनी माइक हिसकावला. "शाळा म्हणते, हिला वाचता येत नाही! आत्ता वाचलं ना सगळ्यांसमोर?"

घोकंपट्टी आणि वाचन यांतला फरक या इंजिनिअरला कळेना. नीलांबरीला कळत होता, पण ती टाळ्या संपेपर्यंत साडीचा पदर नीट करत बसली. मला दोघांचीही किळस आली.

सोमवारी त्यांनी लॅपटॉप शाळेला परत केला. मी समजवायला गेले, तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका टेन्शन घेऊ."

दिवाळीला सगळे आमच्याकडे फराळाला आले. कादंबरीसाठी मी भूकंपाचं पुस्तक आणलं होतं. तिनं चित्रं पाहिली आणि ते मिटून ठेवलं.

"मी वाचून दाखवू का गं?"

तिनं बापाकडे पाहिलं. तो चकली खात होता.

"नो, मावशी," ती हळूच म्हणाली. "डॅड सेज आय कॅन रीड. सो नोबडी इज अलाउड टू रीड टू मी."