डांबराच्या गोळ्यांचा वास
परवा लातूरला एका लग्नात हात धुवायला गेले, तर बेसिनमध्ये डांबराच्या पांढऱ्या गोळ्या टाकलेल्या होत्या, आणि त्या वासासरशी मुखेडचं आमचं घर समोर आलं. मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी आपल्या लेकाची लहानपणची झबली लोखंडी संदुकीतून काढली. "पयल्यांदा जुनंच घालावं, नजर लागत न्हाई," म्हणाल्या. झबली मऊसूत होती. संदुकीतल्या गोळ्यांचा वास यायचा, पण तो आम्हाला स्वच्छतेचा वाटला. थोड्याच दिवसांत बाळ हळदीसारखं पिवळं पडलं, दुपट्यावर कोऱ्या चहासारखे लघवीचे डाग दिसायला लागले. नांदेडच्या डॉक्टरांनी आधी झबलंच हुंगलं. मग म्हणाले, याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मतःच नाजूक आहेत, या गोळ्यांनी त्या फुटून राहिल्यात. असा दोष आईकडून मुलाला येतो. रक्त बदललं, तरी बाळ राहिलं नाही. बाहेरच्या बाकावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या संदुकीनं खाल्लं गं लेकराला." मी म्हणाले, "माझ्याकडूनच आलं होतं ते, आई." नर्सनं झबलं पिशवीत घालून दिलं होतं. घरी आल्यावर मी ते नाकाशी धरलं, बाळाचा वास हुडकत. गोळ्यांचाच आला. परवा बेसिनपाशी मागच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "काय घाण वास हाय हो." मी मान डोलावून "हाव" म्हणाले, आणि धुतलेले हात पुन्हा धुवायला लागले.