जाऊन आलेला माणूस

मधू गेल्याची बातमी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सकाळच्या चहाच्या वेळी आली. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं आणि खाली त्याचं नाव. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "काहून काहीही टाकून राहिले लोक ग्रुपवर? भाऊजींना फोन लावून विचारा नं, खरं आहे का ते." भाऊजी म्हणजे मधूच. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या मरणाची खात्री कुणाकडून करून घ्यायला निघालो… तिने गॅस बंद केला. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. बघा, मेल्यावरसुद्धा हिला विचारायचंय ते त्यालाच.

मधूचं इथल्या बाजारात, बडा फुहाऱ्यावर, कापडाचं दुकान होतं. त्याचे आणि माझे आजोबा दोघेही वऱ्हाडातून पोटासाठी जबलपूरला आले, गढा मोहल्ल्यात शेजारी शेजारी राहिले, आणि आम्ही दोघं एकाच बाकावर बसून शिकलो. पुढे तो वडिलांच्या गादीवर बसला आणि मी सरकारच्या प्रसिद्धी खात्यात लागलो. नोकरीभर मी सरकारी पत्रकं लिहिली. पूर आला, दंगल झाली, कुठे गोळीबार झाला, की शेवटचं वाक्य माझं ठरलेलं असायचं… परिस्थिती नियंत्रणात आहे. घरी दूध उतू गेलं की कुंदा मला हाक मारून विचारायची, "अहो, परिस्थिती नियंत्रणात आहे का?" मी हसायचो, पण ते लागायचं. आणि मधू? त्याला साखरेचा आजार होता आणि तो बायकोशी धडधडीत खोटं बोलायचा. मिशीला खोव्याच्या जिलेबीचा पाक लागलेला असताना शालिनीवहिनींना सांगायचा की आज नुसता काळा चहा घेतला. बुद्धिबळात माझं लक्ष नसलं की उंट सरकवायचा. अशा माणसाच्या शब्दावर अख्खा गढा डोळे मिटून विश्वास ठेवायचा, आणि खाली सही-शिक्का असलेल्या माझ्या कागदावर माझी बायकोसुद्धा ठेवत नव्हती.

ह्याचं मूळ आमच्या मंडळाच्या फळ्यात आहे. सभागृहाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर हळदीकुंकू, बारसं आणि कुणी गेलं असेल तर ते खडूने लिहायचं, ही जुनी पद्धत. आम्ही चाळिशीत असताना एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून फळ्यावर भालेरावांचं निधन लिहिलं गेलं. आमच्यात भालेराव दोन होते. आम्ही हार घेऊन थोरल्यांच्या घरी पोचलो तर दार त्यांनीच उघडलं. माणूस मोठ्या मनाचा. सगळ्यांना चहा पाजला, हार मात्र ठेवून घेतला नाही. गेले होते ते धाकटे, आणि तिकडे कुणीच पोचलं नव्हतं. त्यानंतर मधूने मंडळात नियम करून घेतला, की मरणाची बातमी घरी जाऊन आलेला माणूसच लिहील आणि खाली स्वतःचं नाव घालेल. ऐकलेलं चालणार नाही. मला ही कल्पना सुचली नाही याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. शब्दांचा धंदा माझा होता.

पुढे हाच नियम तो सगळ्या जगाला लावायला लागला. बाजारपेठेत अफवा आली की गादीवरून विचारायचा, "कोण जाऊन आलं?" मग अलीकडे मोठा अतिरेकी हल्ला झाला, आपल्या विमानांनी सीमेपलीकडे कारवाई केली, आणि टीव्हीवर रणधुमाळी सुरू झाली. इकडे तोफांचे कारखाने, म्हणून शहरात रात्री दिवे घालवून हवाई हल्ल्याचे सराव झाले. एका संध्याकाळी आमच्या सचिवांनी शत्रूचं एक अख्खं शहर आपण घेतल्याचं तीन रंगांच्या खडूंनी फळ्यावर लिहायला काढलं. मी मागे उभा राहून भाषा सुधारून देत होतो. मधू दुकान बंद करून आला, त्याने वाचलं आणि म्हणाला, "लिहा नं जी, मस्त लिहा. फक्त खाली जाऊन आलेल्याचं नाव टाका." सचिव भडकले. "तुम्हाला आपल्या सरकारवर भरोसा नाही?" मधू म्हणाला, "आहे की. भालेरावांच्या बातमीवरही होता." दोन दिवसांत टीव्हीवाल्यांनी ते शहर गुपचूप सोडून दिलं. तेव्हा कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक जोरात आला. हल्ला, कारवाई, सगळा बनाव आहे, म्हणाला. मधूने त्यालाही खुर्ची दिली आणि विचारलं, "अच्छा. मग तू जाऊन आला का?" दोघांनाही एकच माप. मी मनात म्हटलं, याला सोपं आहे, याला पत्रक काढायचं नसतं.

त्याच दिवसांत आमचा फौजेतला मुलगा निखिल सीमेजवळच्या ठाण्यावर होता. त्याचा फोन लागत नव्हता. सरकारने सांगितलं होतं की त्या भागात आपली काही हानी नाही. मी कुंदाला ते वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, अशा निवेदनांची भाषा मी ओळखतो, ही भाषा खरी आहे, असंही म्हणालो. ती ताटावरून उठून गेली. दुपारी मधू आला तेव्हा तिने त्याला दारातच गाठलं. "भाऊजी, निखिल बरा आहे नं?"

"मला माहीत नाही, वहिनी."

"हे तर म्हणून राहिले की सरकारनं सांगितलं…"

"सांगितलं. खरंही असेल. पण तिकडून जाऊन आलेलं मला कोणी भेटलं नाही. फोन येईपर्यंत मी इथंच बसतो."

आणि बसला. ऐन लग्नसराईत दुकान नोकरांवर टाकून आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत. कुंदा आत गेली आणि जेवली. मी तिला धीर देऊन देऊन थकलो होतो आणि ती जेवली ती "माहीत नाही" या दोन शब्दांवर. बायको दुसऱ्या पुरुषाकडे बघून हसली तर जे वाटेल, त्यापेक्षा मला जास्त वाटलं. संध्याकाळी निखिलचा फोन आला. बोलणं झाल्यावर ती डोळे पुसत खोलीत आली आणि म्हणाली, "भाऊजी, बरा आहे तो." मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

निखिल रजेवर आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी मधूच्या दुकानात गेला. मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये, दोघं बराच वेळ बसले होते. मी सोबत गेलो होतो. मला मधूने जिलेबी आणायला पाठवलं. परत आलो तर निखिलचे डोळे लाल होते आणि मधू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी घरी येताना त्याला विचारलं, काय झालं होतं तिकडे. तो म्हणाला, "काही खास नाही, बाबा. तुम्ही तर टीव्हीवर पूरा बघितलं असेल नं." टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं. मधूला मी खोदून खोदून विचारलं, चिडून विचारलं. तो जिलेबी चघळत म्हणाला, "तो जाऊन आला आहे, दिनू. सांगायचं असेल तर तो सांगेल." त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि निखिलने अजून सांगितलेलं नाही. माझ्या मुलाच्या आयुष्यातली एक गोष्ट तो माणूस सोबत घेऊन गेला.

ग्रुपवर बातमी आली त्या सकाळी मी मधूच्या घरी गेलो. शालिनीवहिनी त्याच्या उशाशी बसल्या होत्या. "काल मला म्हणाले, काहीच खाल्लं नाही. खिशात कागद सापडला जिलेबीचा," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं… तिथून कुंदाला फोन केला तर ती म्हणाली, "नक्की नं?" मग मी सभागृहावर गेलो आणि फळ्यावर लिहिलं. त्याचं पूर्ण नाव, आज पहाटे गेले, अंत्ययात्रा त्याच्या घरून. खाली माझं नाव. मी मागे सरतोय तोच रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्याने स्कूटर थांबवली, वाचलं, खालचं नाव वाचलं, चपला काढून हात जोडले. मला त्याने काही विचारलं नाही.

महिना उलटून गेला आहे. फळ्यावर नवी बातमी लिहिताना जुनी पुसायची असते, पण मंडळात बारसं झालं तेव्हा मुलीच्या बापाने मधूचं नाव पुसलं नाही, कागदावर लिहून ते बाजूच्या भिंतीला चिकटवलं. परवा टीव्हीवर पुन्हा सुरू झालं… सीमेपलीकडे इतके तळ उडवले, इतके अतिरेकी मारले. कुंदाने आवाज बंद केला. खिडकीजवळच्या खुर्चीकडे तिची नजर गेली आणि परत आली. निखिलची बदली पुन्हा तिकडेच झाली आहे.

"खरं असेल का हो?" तिने मला विचारलं. किती वर्षांनी विचारलं ते मला आठवेना. परिस्थिती नियंत्रणात आहे हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

 ती उठून आत गेली, पानं वाढली आणि मला हाक मारली. आम्ही दोघं जेवलो. ती पोळी मोडत म्हणाली, "भाऊजीही असंच म्हणायचे."