चषकाच्या रुमालाचं पहिलं पाणी

चर्चमधली वेदीची कापडं एकतीस वर्षं मावशींनी घरी धुतली. मावशी दवाखान्याच्या धुलाईखात्यातून निवृत्त झालेल्या. डाग त्यांना वचकून असायचे. वेदीवरच्या चादरीला कडक खळ, पण चषक पुसायच्या रुमालांना खळीचा थेंबही नाही, कारण खळीचं कापड ओल टिपत नाही. आणि रुमालांचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही. मिस्सेच्या उपासनेतला द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, त्याचा अंश रुमालात राहतो, म्हणून ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं. नवरा गेला, लेक परदेशी गेली, तरी शनिवारी हे गाठोडं आलं की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. मावशींचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

मग चर्चच्या कमिटीवर पुढचाबाक आला. हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण हा गृहस्थ पहिला बाक सोडून कधी दुसरीकडे टेकल्याचं देवानेही पाहिलं नसेल. प्रार्थना अशी ठणाणा म्हणायचा, जणू देव बहिरा झाल्याची आतली खबर याच्याकडेच होती. बिशप येणार म्हटल्यावर तर त्याच्या अंगात वारं शिरलं.

"मावशी, वय झालं आता. आराम करा," तो म्हणाला. "कापडं लाँड्रीत देऊ. मशीनवर कशी लख्ख होतात बघा."

"रुमालांना खळ घालू नका म्हणावं त्यांना."

"अहो, लाँड्रीवाल्याला आता आपण धुणं शिकवायचं का?"

फादर तिथेच होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस भला, पण कणा देताना देवाने हात जरा आखडताच घेतला होता. शनिवारी मावशींनी सवयीने बादली भरली, आणि मग बादलीशेजारी बसून रडल्या.

व्हायचं तेच झालं. रुमाल पत्र्यासारखे ताठ होऊन आले. मिस्सेत बिशप एकेकाला चषकातला घोट देऊन काठ पुसायला गेले, तर ओल टिपेचना. त्यांनी जोर लावला, चषक कलंडला आणि चादरीवर तळहाताएवढा लाल डाग पडला.

मिस्सा संपताच पुढचाबाक चादर काखोटीला मारून मावशींच्या दारात हजर.

"संध्याकाळी बिशप पुन्हा प्रार्थना घेणार आहेत. तेवढ्यात काढा हो हा. आणि फादर म्हणालेत, काम पुन्हा तुमच्याकडेच."

मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी एका शब्दाने त्याला टोचलं नाही. गार पाण्यात डाग चोळून काढला, पहिलं पाणी वाडग्यात धरलं आणि ते त्याच्या हातात दिलं.

"अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओता. माझे हात साबणाचे आहेत."

झाड दहा पावलांवर होतं, गटार दाराशीच. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वाडगं गटारात उपडं केलं आणि बुटावरचे शिंतोडे झटकले. मावशी खिडकीशी उभ्या होत्या.

"घातलं झाडाला," आत येऊन तो म्हणाला.

मावशींनी वाडगं हातात घेतलं.

"यापुढे ओतायचं मीच बघेन," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुमचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. तुमचा तर नाहीच."